बाबांचा ॲम्प, माझे तीस हजार आणि मुरुडची खारी हवा

(या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे' काढून टाकलेत, बाकी बोललो तसंच आहे.)

मुरुडहून बोलतोय. मागे जो घूं घूं आवाज येतोय तो समुद्राचा आहे, माझ्या माइकचा नाही. खिडकी बंद केली तर मी घामाने संपेन, त्यामुळे आज तो आवाज सहन करा.

गेले काही महिने तुमच्यापैकी बरेच जण एकच विचारताय. घरात जुने स्पीकर आहेत, ॲम्प्लिफायर जुना झालाय किंवा मेलाय, वीस-तीस हजारांत काय घ्यावं? मी उत्तर टाळत होतो, कारण मी स्वतःच त्यात अडकलो होतो. आता सुटलोय. नऊ हजार घालवून सुटलोय, पण सुटलोय. तर आज तेच.

आधी परिस्थिती सांगतो. आमच्या ओटीवरच्या खोलीत बाबांचा स्टिरिओ आहे. १९८८ साली घेतलेला देशी ॲम्प, लाकडी खोक्याचे दोन स्पीकर आणि एक रेकॉर्ड प्लेअर. त्या काळात बाहेरचा माल आणणं म्हणजे ड्युटीचा डोंगर. त्यामुळे हौशी माणसं देशी वस्तू घ्यायची, कलकत्त्याची सोनोडाइन, कॉस्मिक, पुढे नॉर्ज. नाहीतर कोकणातला ठरलेला मार्ग, म्हणजे कोणाचा तरी भाऊ दुबईला किंवा सौदीला असायचा आणि तो येताना टू-इन-वन घेऊन यायचा. या सौदीच्या मालावर मी नंतर येतो. लक्षात ठेवा.

३ जून २०२०. निसर्ग वादळ. इथे ज्यांनी तो दिवस पाहिलाय त्यांना पुढे काही सांगायला नको. आमची वाडीतली अर्धी सुपारी झोपली, ओटीवरची कौलं उडाली आणि पाऊस सरळ आत आला. बाबांनी आधी रेकॉर्डी उचलल्या, मग टीव्ही. ॲम्प तिथेच राहिला. लाइट यायला आमच्या आळीत तीन आठवडे लागले, तेवढ्या वेळात तो वाळला. लाइट आल्यावर बाबांनी लावला, आणि चालला! बाबा जाम खूश. पण तेव्हापासून व्हॉल्यूम फिरवला की खर्रर्र. मग मधूनच उजवी बाजू जायची. खोक्यावर एक थाप मारली की यायची. गेल्या दिवाळीत थापेनेही येईना.

बाबा बहात्तर वर्षांचे आहेत. संध्याकाळी साडेसहाला दिवा लागला की तासभर रेकॉर्ड लावायची, हा त्यांचा नेम. एका बाजूने ऐकू येणारा स्टिरिओ त्यांनी दोन महिने तसाच वाजवला, पण मग लावणंच बंद केलं. काही बोलले नाहीत. ते मला जास्त लागलं. मी तीस हजार बाजूला काढले आणि ठरवलं, ॲम्प आणायचा.

आणि इथे मी पहिली चूक केली.

मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तिथून एकाने सेकंडहँड जपानी ॲम्प दाखवला. कुठल्या दुकानाने ते सांगत नाही, आणि चूक माझीच होती. दिसायला राजा. पुढे ॲल्युमिनियमची जाड पट्टी, मोठ्ठं बटण, मिणमिणते मीटर. नऊ हजार. दुकानात वाजवून दाखवला, छान वाजला. मी उचलला, भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडवा, तिथून अलिबाग, तिथून एसटीने मुरुड. मांडीवर बाळासारखा. घरी आलो, पिन लावली, बटण दाबलं. तीन सेकंद दिवे लागले. मग एक वास आला. तुम्हाला तो वास माहीत असेल तर माहीत आहे. बाबा आतून ओरडले, "काय जळतंय रे?"

तो १२० व्होल्टचा होता. अमेरिकेचा. दुकानात स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर लावलेला होता, टेबलाखाली, आणि मी मागची पट्टी वाचली नव्हती. आपल्याकडे २३०. जपानच्या देशी बाजारातला माल तर १०० व्होल्टचा असतो. म्हणून, सेकंडहँड काहीही घेताना सगळ्यात आधी पाठ फिरवा. त्याची, तुमची नाही. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, एसी २३० किंवा २२०–२४०, ५० हर्ट्झ. तेवढं दिसलं तरच पुढचं बोलणं. आणि ते सौदीचं. तिकडे अनेक वर्षं १२७ व्होल्टही होते, आणि तिथून येणाऱ्या जुन्या सेटला मागे एक गोल स्विच असायचा, ११०, १२७, २२०, २४०. घरात असा सेट असेल आणि कोणी साफसफाई करताना तो स्विच फिरवला असेल तर? तेव्हा लावण्याआधी बघा.

तर नऊ हजार गेले. उरले एकवीस. आता मी शहाण्यासारखा विचार करायला लागलो, जो आधी करायला हवा होता.

पहिला प्रश्न: बिघाड खरंच ॲम्पमध्ये आहे का? हे तपासायला पैसे लागत नाहीत. एक बाजू बंद असेल तर ॲम्प बंद करा, मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा, परत लावा. तोच स्पीकर मुका राहिला तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या वायरीचा. आता दुसरा स्पीकर मुका झाला तर दोष ॲम्पच्या त्या चॅनेलचा, किंवा त्याच्याही मागे. मग तशीच अदलाबदल इनपुटच्या वायरींची करायची, म्हणजे प्लेअर की ॲम्प ते कळतं. एकूण पाच मिनिटं. मी हे नऊ हजार घालवल्यावर केलं.

आमच्याकडे दोष ॲम्पचा निघाला. पण अदलाबदल केल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात आली. उजवा स्पीकर चालू झाल्यावर डाव्यापेक्षा भसाडा वाजत होता. पुढची जाळी काढली. आत कोनच्या भोवती जी फोमची कड असते ना, ती बोट लावल्यावर ओल्या बिस्किटासारखी तुटून हातात आली. दमट हवेत हा फोम वर्षानुवर्षं सडतो. रबराची कड असते ती टिकते. म्हणजे मी कितीही भारी ॲम्प आणला असता तरी तो सडक्या फोममधून वाजला असता! अलिबागच्या एका दुरुस्तीवाल्या काकांनी दोन्ही वूफरना नव्या कडा लावून दिल्या. बावीसशे रुपये. मंडळी, या सगळ्या प्रकरणात आवाजात सर्वात मोठा फरक त्या बावीसशेने पडला. अपग्रेड म्हणतात ते इथून सुरू करा.

त्याच काकांना जुना ॲम्पही दाखवला. त्यांनी झाकण काढलं आणि मला जवळ बोलावलं. बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा जागोजागी हिरव्या पडल्या होत्या, एका कोपऱ्यात वाळलेली पाल. "ट्रान्झिस्टर मिळतील रे," म्हणाले, "पण बोर्ड खाल्लाय खाऱ्या हवेने. एक जोडला की दुसरा तुटेल." काकांवर माझा विश्वास आहे. पण तुमचं तसं नसेल, फक्त खरखर येत असेल, तर आधी कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा व्हॉल्यूमच्या बटणाच्या आतल्या भागात मारून घ्या आणि बटण पंधरा-वीस वेळा फिरवा. बऱ्याच जुन्या ॲम्पचा आजार तेवढाच असतो. एक मात्र सांगतो, झाकण स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतले मोठे कॅपॅसिटर चार्ज धरून असतात आणि ते चेष्टा करत नाहीत.

आता वॉटचं प्रकरण. यावर जरा थांबतो, कारण इथेच सगळे फसतात.

लहानपणी टेपरेकॉर्डरवर लिहिलेलं असायचं, १००० वॉट पीएमपीओ. खोका एवढासा, सेलवर चालणारा, आणि हजार वॉट. तो आकडा शुद्ध गंमत होती. आता पीएमपीओ शब्द गेला, पण गंमत तीच आहे. ऑनलाइन छोटे ॲम्प बघा, 'दोन बाजूंना तीन-तीनशे वॉट'. आणि बरोबर दिलेला ॲडॉप्टर ३२ व्होल्ट, ५ अँपिअर. गुणाकार करा. १६०. ॲडॉप्टरच एकूण १६० वॉट देतोय तर सहाशे येणार कुठून?

तीनशेचा आकडा अगदी खोटा नसतो. आतल्या चिपच्या कागदावर तो असतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए३२५५ नावाची चिप आहे, तिच्या कागदावर ३१५ वॉट आहे. पण ४ ओहमच्या स्पीकरला, पन्नासएक व्होल्टवर, आणि १० टक्के विकृती धरून. १० टक्के म्हणजे आवाज फाटायला लागलेला असतो.

तुमच्यासाठी एक सोपा हिशेब. अशा ॲडॉप्टरवाल्या छोट्या ॲम्पमध्ये ॲडॉप्टरच्या व्होल्टेजचा वर्ग करा आणि १६ ने भागा. ८ ओहमच्या स्पीकरला एका बाजूला जास्तीत जास्त तेवढे वॉट. २४ व्होल्ट असेल तर ५७६ भागिले १६, म्हणजे ३६. ३२ व्होल्टला ६४. ४८ व्होल्टला १४४. प्रत्यक्षात थोडे कमीच. ४ ओहमचा स्पीकर असेल तर १६ ऐवजी ८ ने भागा, पण मग ॲडॉप्टर तेवढा करंट देतोय का तेही बघा. जाहिरात बाजूला ठेवा, ॲडॉप्टर वाचा.

मग लागतात किती? आमच्या खोलीचंच उदाहरण घेतो. स्पीकरच्या मागे किंवा कागदावर संवेदनशीलता लिहिलेली असते, समजा ८६ डेसिबल. म्हणजे एक वॉट दिला तर एक मीटरवर ८६ डेसिबल. मी बसतो अडीच मीटरवर. अंतरामुळे आवाज कमी होतो, दोन स्पीकर आणि भिंतींमुळे थोडा परत मिळतो. ढोबळ धरा, एका वॉटला माझ्या कानाशी ८२-८३ डेसिबल. हा चांगला मोठा आवाज आहे, शेजारच्या वहिनी खिडकीतून बघतील एवढा. रोजचं ऐकणं ७३ च्या आसपास असतं. दहा डेसिबल कमी म्हणजे ताकद एक दशांश. म्हणजे ०.१ वॉट! डग्ग्यावर घुमारदार थाप पडते किंवा ढोल येतो तेव्हा क्षणभर वीस डेसिबल वर जावं लागतं, म्हणजे शंभर पट, १० वॉट. झालं. इतकंच.

स्पीकर कमी संवेदनशील असतील, ८२ वगैरे, तर अडीच पट. २५ वॉट. आणि ५० वॉटच्या जागी १०० वॉटचा ॲम्प घेतलात तर वाढतात फक्त ३ डेसिबल. ऐकू येईल, पण 'दुप्पट' अजिबात वाटणार नाही. दुप्पट वाटायला साधारण दहा पट ताकद लागते.

१९७८ साली नॅड ३०२० नावाचा ॲम्प आला होता. फक्त २० वॉटचा, दिसायला साधा, स्वस्त. आणि जगभर हौशी लोकांनी तो वर्षानुवर्षं डोक्यावर घेतला. आतला पॉवर सप्लाय क्षणभराच्या धक्क्याला पुरून उरायचा, हे त्याचं गुपित. म्हणून आकडा वाचताना तो कसा मोजलाय ते बघायचं. चांगली कंपनी सांगते: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनेल, विकृती अमुक. डेनॉनचा पीएमए-६००एनई आहे, ४५ वॉट, ८ ओहमला. मॅरँट्झचा पीएम६००७, तोही ४५. यामाहाचा ए-एस३०१, ६० वॉट. केंब्रिज ऑडिओचा एएक्सए३५, नावातच ३५. हे आकडे लहान वाटतात, पण खरे आहेत. त्या 'तीनशे वॉट'च्या डब्यापेक्षा यांतला ४५ वॉटचा जास्त दमदार असू शकतो.

आता माझ्यासमोर दोन रस्ते होते. एक, वरचे जपानी-इंग्रजी, क्लास एबी, वजनदार. नवे घेतले तर यातले बहुतेक माझ्या तीस हजारांच्याही वर जात होते, आणि माझ्याकडे उरले होते अठरा-एकोणीस. दोन, क्लास डी वाले छोटे डबे, दहा-बारा हजारांच्या आसपास.

फोरमवरचे लोक या दोघांवरून कशी भांडतात ते वाचलंत तर तुमचा रविवार जाईल. मी वाचलं. मग ठरवलं, ऐकून बघू. माझ्या पनवेलच्या मावसभावाकडे ४५ वॉटचा क्लास एबी आहे आणि एका मित्राने छोटा क्लास डी घेतला होता. एका शनिवारी दोन्ही एका टेबलावर. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. दोन ॲम्प तोलताना जो किंचित मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. नेहमी. दुकानदारांना हे माहीत असतं. म्हणून आम्ही १०० हर्ट्झचा टोन मोबाइलवरून लावला आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर दोन्हींचं व्होल्टेज सारखं केलं. बटणावर पेन्सिलने खूण. मग मी भिंतीकडे तोंड करून बसलो आणि भाऊ वायरी बदलत राहिला.

लावलं काय? तानपुरा. नुसता तानपुरा, दहा मिनिटांची ड्रोन-फाइल. ॲम्पमधली गुणगुण, हिस्स, कोरडेपणा, सगळं त्याच्या मागे लगेच उघडं पडतं, लपायला जागाच नसते. मग तबल्याचा डग्गा, कारण स्पीकरचा कोन थांबवणं हे ॲम्पचं खरं काम. आणि मग घरच्या हळदीत वाजतो तसा बेंजो आणि ढोल, फुल्ल आवाजात. हा आमचा रायगडचा टेस्ट ट्रॅक.

खरं सांगतो. हळू आणि मध्यम आवाजाला मला फरक ओळखता आला नाही. अकरा वेळा बदललं, सहा वेळा बरोबर ओळखलं, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. बेंजो फुल्ल केला तेव्हा छोटा आधी चिरकला. पण तेवढ्या आवाजात आमच्या घरात कोणी बसत नाही. ज्यांचा हॉल मोठा आहे, स्पीकर ४ ओहमचे किंवा फार कमी संवेदनशील आहेत, त्यांनी मोठाच घ्यावा. पैसे साठवून घ्यावा. मी त्यांना थांबवणार नाही.

मुरुडसाठी माझा कौल मात्र वेगळ्याच कारणांनी छोट्याकडे झुकला. इथे ॲम्प दोन गोष्टींनी मरतो. खारी हवा, आणि लाइट जाऊन एकदम येते तेव्हाचा धक्का. मोठ्या ॲम्पमध्ये पॉवर सप्लाय पोटात असतो. तो गेला की नऊ किलोचं ओझं घेऊन पुन्हा मुंबई, महिनाभर तिथेच. छोट्याचा सप्लाय बाहेर, ॲडॉप्टरमध्ये. तो मेला तर तेवढ्याच व्होल्टचा दुसरा. हां, आतला बोर्ड गेला तर मात्र अलिबागचे काकाही हात टेकतील, त्यातले भाग मुंगीएवढे असतात. ते मला मान्य आहे. शिवाय छोटा गरम होत नाही फारसा, आणि आमच्या आईला प्रत्येक यंत्रावर क्रोशाचं कव्हर घालायची सवय आहे. क्लास एबीवर ते घातलं तर भट्टी होते. तुमच्याही घरी अशी आई असेल तर झाकणाच्या वर चार बोटं जागा मोकळी राहील एवढं बघा.

बाबांना डबा दाखवला. त्यांनी तो तळहातावर घेतला. "हा साबणाचा डबा आहे."

"बाबा, याच्यात चौसष्ट वॉट आहेत."

"असतील. याला बास-ट्रेबल आहे का?"

मी जो पसंत केला होता त्याला नव्हतं. हौशी मंडळी टोन कंट्रोलला नाक मुरडतात, रेकॉर्डिंग जसं आहे तसं ऐकावं म्हणे. मीही त्यातलाच. पण बाबांनी दुसरं काही विचारलंच नाही. मग बास आणि ट्रेबलची वेगळी बटणं असलेला मागवला. अकरा हजार.

आणि पुढचा घोळ रेकॉर्ड प्लेअरचा. हे जुन्या रेकॉर्डी असलेल्यांनी नीट ऐका. तुम्हाला सगळे सांगतील, टर्नटेबल आहे म्हणजे फोनो इनपुटवाला ॲम्प घ्या. फोनो इनपुट असतो मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजसाठी, जी जेमतेम पाच मिलिव्होल्ट देते. डेनॉन, यामाहाचे जे सांगितले त्यांत तो असतो. पण आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या प्लेअरना सिरॅमिक कार्ट्रिज असते. ती शेकडो मिलिव्होल्ट देते. ती फोनोला लावलीत तर नुसता फाटका गोंगाट. बरं, साध्या ऑक्सला लावली तर वाजते, पण बेस गायब होतो, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं. कारण तिला दहा लाख ओहमच्या आसपास इनपुट लागतो आणि आजचे ऑक्स काही दहा हजार ओहमचे असतात. जुन्या ॲम्पना तिच्यासाठी वेगळा सॉकेट असायचा, आमच्याला होता. काकांनी मध्ये एक छोटा बफर बसवून दिला, काडेपेटीएवढा. तीनशे रुपये आणि एक चहा. मी फोनोसाठी जास्तीचे दहा-पंधरा हजार मोजायला निघालो होतो! त्याआधी सुईच्या वरचा भाग बघा, त्यावरचा नंबर शोधा, कार्ट्रिज कुठल्या जातीची ते कळेल.

मोबाइलवाल्यांसाठी झटपट. ब्लूटूथने लावलंत तर फोनचा व्हॉल्यूम पूर्ण वर ठेवा आणि ॲम्पवरून आवाज कमी-जास्त करा. वायरने हवं असेल तर यूएसबी-सीचा छोटा डॅक डोंगल, त्यातून ३.५ एमएम ते आरसीए वायर. हजार-दीड हजारात होतं आणि चांगलं वाजतं. टीव्ही ऑप्टिकलने जोडलात आणि आवाजच आला नाही, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन डिजिटल ऑडिओ 'पीसीएम' करा. स्टिरिओ ॲम्पला डॉल्बी उलगडता येत नाही. आणि ज्यांच्याकडे स्पीकरच नाहीत, त्यांनी हा सगळा खटाटोप करू नये. आतच ॲम्प असलेले ॲक्टिव्ह स्पीकर घ्या.

समुद्राजवळच्यांसाठी आणखी. आरसीएच्या पिना वर्षातून दोनदा तरी काढून-घालून पुसा, कॉन्टॅक्ट क्लीनरने, हिरवट थर चढलेला असतो. लाइट गेली की प्लग काढा आणि आल्यावर पाच मिनिटं थांबा. आणि घूं आवाज येत असेल, तो समुद्राचा नसेल, तर अर्थिंग तपासून घ्या. आपली जमीन रेतीची, उन्हाळ्यात कोरडी पडते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. आमच्या वायरमनने खड्ड्यात कोळसा-मीठ नव्याने भरून दिलं, आईने रोज एक कळशी पाणी घातलं, आणि हम निम्म्याच्या खाली आला. जुना सेकंडहँड ॲम्प आणलात तर स्पीकर जोडण्याआधी मल्टिमीटर डीसीवर ठेवून टर्मिनल मोजा. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. व्होल्टमध्ये दिसलं तर स्पीकर लावूच नका, जळतील.

हिशेब सांगतो. जळालेले नऊ हजार, फोम बावीसशे, ॲम्प अकरा हजार, बफर तीनशे, अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टरवाला बोर्ड मिळून अठराशे. चोवीस हजार तीनशे. उरलेल्यातून आईने एक मिक्सर घेतला, तिचं म्हणणं होतं की तिच्याही वस्तूचा आवाज घरात व्हायला हवा.

पहिल्या संध्याकाळी बाबांनी साडेसहाला गीतरामायणाची रेकॉर्ड काढली. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर ते वर्षभर चाललं तेव्हा आजोबा शेजाऱ्यांच्या रेडिओसमोर जाऊन बसायचे, हे बाबा दर वेळी सांगतात, तेव्हाही सांगितलं. सुधीर फडक्यांचा आवाज दोन्ही बाजूंनी आला. बाबा दोन मिनिटं ऐकत राहिले, मग उठले आणि ट्रेबलचं बटण पार उजवीकडे फिरवलं. घड्याळात तीन वाजतात तिथे. मला ते टोचत होतं, स स वाजत होतं. ते आत गेल्यावर मी बटण मधे आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीनवर. मी पुन्हा मधे. असं आठवडाभर चाललं, आम्ही दोघंही काही बोललो नाही.

मग मी एकदा मोबाइलवर टोन लावून त्यांना विचारलं, ऐकू येतंय का? आठ हजार हर्ट्झ, नाही. सहा हजार, नाही. चार हजारला म्हणाले, "हां, लांबून कुठेतरी." वयानुसार वरचे सूर जातात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. ते ट्रेबल वाढवून तेच गाणं ऐकत होते जे मी मधे ठेवून ऐकतो.

आता त्या बटणावर आईच्या नेलपॉलिशचे दोन ठिपके आहेत. एक मधे, एक तीनवर. साडेसहाला मी तीनवर ठेवून उठतो. सहा वीस झालेत, मला रेकॉर्डिंग आवरायला हवं. पुढच्या भागात तुमच्या स्पीकरच्या वायरींचे प्रश्न घेतो, पाठवा.